हाताला लागून झालेला गोल आणि देवाला बोललेले पैसे

डिचोलीकर:
चाळिशी ओलांडलेल्यांच्या फुटबॉल गावस्पर्धेचा अंतिम सामना गेल्या रविवारी झाला. मैदान म्हणजे भात कापलेलं शेत, चुन्याच्या रेषा अर्ध्या पुसलेल्या. शेवटची दहा मिनिटं उरली असताना कॉर्नरवरून आलेला बॉल माझ्या कोपराच्या वर लागून जाळ्यात गेला. मुद्दाम नाही केलं, पण लागला ते मला त्याच क्षणी कळलं. रेफ्रीच्या आड चार जण होते. समोरचा गोली हात दाखवून ओरडत राहिला. आणि मी? जमिनीला हात लावला, कपाळाला लावला आणि धावत सुटलो. १-० ने जिंकलो.

सकाळी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं होतं, म्हणजे नवस बोललो होतो, जिंकलो तर माझ्या वाट्याच्या बक्षिसातले अर्धे देवळाला. ते पाकीट आठ दिवस कपाटात पडून आहे. द्यायला हात होत नाही, खर्च करायलाही नाही. संघातले म्हणतात, "रेफ्रीन गोल दिला मरे, आनी कितें जाय तुका?"

जुनी शिट्टी:
मी बरीच वर्षं गावोगाव रेफ्री म्हणून उभा राहिलोय. आधी नियम. २०१९ पासून हाताला लागून थेट झालेला गोल चुकून झाला असला तरी धरत नाहीत, आणि बगलेच्या खाली सगळा हातच. म्हणजे गोल नव्हता. पण शिट्टी वाजली, सामना संपला, निकाल लागला. प्रत्येकाने घरी जाऊन निकाल फिरवायचा म्हटलं तर स्पर्धा भरवायच्याच कशाला? पाकीट देवळात द्या नि मोकळे व्हा.

फोंड्याची सून:
शिट्टीकाका, चोरीच्या मालातला अर्धा देवाला दिला की उरलेला अर्धा शुद्ध होतो का? आमच्याकडे म्हार्दोळच्या म्हाळसादेवीच्या देवळातल्या घंटेची गोष्ट सांगतात. एरवी तिला लोलक नसायचा, कुणाला साक्ष द्यायची असेल तेव्हाच लावायचे, आणि तिच्याखाली दिलेली साक्ष पोर्तुगीजसुद्धा मानत. डिचोलीकरांनी त्या घंटेखाली उभं राहून "गोल झाला" म्हणून दाखवावं.

साळगावचा दहा नंबर:
बाई, घंटा कोर्टासाठी, हा फुटबॉल आहे. २२ जून १९८६ ला मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल मारला, वर देवाचाच हात म्हणाला. चार मिनिटांनी अख्खी फळी चकवत दुसरा मारला. अर्जेंटिना २-१ ने जिंकली. आज त्याचा पुतळा आपल्या उत्तर गोव्यात उभा आहे. लोक फोटो काढायला जातात, जाब विचारायला नाही.

जुनी शिट्टी:
पुतळा उभारावासा वाटतो तो दुसऱ्या गोलासाठी रे, पहिल्यासाठी नाही.

फोंड्याची सून:
आणि जर्मनीचा क्लोजे विसरलात? २०१२ मध्ये इटलीत लाझिओ क्लबकडून नापोलीविरुद्ध खेळताना त्याच्या हाताला लागून गोल झाला. त्याने स्वतः रेफ्रीला सांगितलं, गोल रद्द झाला.

साळगावचा दहा नंबर:
आणि लाझिओ ०-३ ने हरली, तेही सांगा. क्रिकेटमध्ये आपला कप्तान विश्वनाथ, त्याने १९८० मध्ये मुंबईच्या कसोटीत बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावलं. टेलरने बोथमबरोबर १७१ धावांची भागी केली आणि आपण दहा गड्यांनी हरलो. सज्जनपणाचं बिल संघ भरतो.

फोंड्याची सून:
त्या कसोटीतलं दुसरं काही तुम्हाला आठवतं का? मला तरी ते परत बोलावणंच आठवतं. (बोथमच्या चाहत्यांनी माफ करावं.)

पेडण्याचा भाविक:
एवढा वाद कशाला? देवळात कौल लावा. देवाला लावलेली उजवी पाकळी पडली तर पैसे द्यायचे, डावी पडली तर नाही. देवच काय ते सांगेल.

जुनी शिट्टी:
इथे मात्र मी भाविकांच्या विरोधात. कौल जे आपल्याला कळत नाही त्यासाठी. बॉल कुठे लागला हे यांना माहीत आहे. रेफ्रीला दिसलं नाही म्हणून आता देवाला रेफ्री करायचं, आणि आपण पुन्हा गप्प? पुजाऱ्याला विचारण्याआधी त्या गोलीला जाऊन सांगा. गोल खाल्लेल्या गोलीला आठ दिवस झोप लागत नाही, हे मी जवळून पाहिलंय.

साळगावचा दहा नंबर:
म्हणजे काका, तुम्ही बाजू बदलली.

जुनी शिट्टी:
निकालाबद्दल नाही. निकाल १-० च.

डिचोलीकर:
काल म्हापशाच्या बाजारात तो गोली भेटला. हातात सुंगटांची (कोळंबीची) पिशवी. धीर करून सांगितलं, बॉल हाताला लागला होता. तो हसला. म्हणाला, "म्हाका खबर आसा. पयल्या हाफांत तुमचो बॉल लायनीच्या भितर गेल्लो, हांवय ओगी (गप्प) रावलों."

साळगावचा दहा नंबर:
हाहा! फिटलं की मग! निकाल बरोबर, गोल तेवढा चुकीचा.

फोंड्याची सून:
फिटलं कसं? तो गोल आधीच दिला असता तर ते बरोबरीसाठी उरलेला सामना वेगळाच खेळले असते. दोघे गप्प राहिले, एवढंच कळलं.

पेडण्याचा भाविक:
आणि पाकीट?

डिचोलीकर:
त्याला अर्धे देऊ केले. "देवाक उलयल्ले पयशे हांव कशे घेवं?" म्हणाला आणि सुंगटं घेऊन बसमध्ये चढला. पाकीट परत कपाटात.