हरिश्चंद्रगडावर पक्का निवारा हवा की नको?

घाटवाट: शनिवारी रात्री कोकणकड्यावर तंबूंची गर्दी बघवत नाही. त्यापेक्षा गडावर एक छोटा दगडी निवारा असावा. भिंती, छप्पर, झोपायला ओटा, एवढंच. कुलूप नको, भाडं नको. स्कॉटलंडच्या डोंगरांत असे निवारे आहेत, त्यांना बॉथी म्हणतात. १९६५ साली स्थापन झालेल्या माउंटन बॉथीज असोसिएशनचे स्वयंसेवक जवळपास शंभर बॉथी सांभाळतात. कुणीही यावं, फुकट राहावं, आपला कचरा आपण खाली न्यावा. पावसात भिजून हुडहुडी भरलेल्या, धुक्यात वाट चुकलेल्या माणसाला वाऱ्याने फडफडणारा तंबू काय कामाचा?

रानभूल: साफ विरोध. बॉथी म्हणजे बहुतेक मेंढपाळांची, शेतमजुरांची ओस पडलेली घरं. तिथे पडकं सावरतात, तुम्ही नवं बांधायला निघालात. गडावरच्या तारामती शिखराच्या पोटातली लेणी हा आपला आयता निवारा. तिथे चुली पेटवून छत काळं केलं, भिंतींवर नावं कोरली. चार नव्या भिंतींचं वेगळं काय होणार? शिवाय १९८६ पासून हे अभयारण्य आहे. निवारा झाला की संडास लागेल, मग दिवे, मग रस्ता. सांडपाणी शेवटी पाण्याच्या टाक्यांकडेच उतरणार.

पाचनईची लेक: पाचनई हे गडाच्या पायथ्याचं आमचं गाव, पण तुमच्या वादात आम्ही कुठेच नाही. गडावर आमच्या माणसांचे झाप, म्हणजे झोपड्या, आहेत. पिठलं-भाकरी तिथेच मिळते, वाट चुकलेल्याला शोधायलाही गावातलीच पोरं जातात. फुकट निवारा झाला तर आमचं गिऱ्हाईक जाईल आणि झाडलोट मात्र आमच्याच गळ्यात पडेल. पुण्या-मुंबईचे स्वयंसेवक भर आषाढात छप्पर शाकारायला येणार आहेत का?

घाटवाट: ताई, म्हणूनच निवारा गावाच्या ताब्यात असावा. भाडं नको हा माझा हट्ट मी सोडतो. नॉर्वेत १८६८ सालच्या पर्यटन संघटनेची पाचशेहून जास्त घरं डोंगरात आहेत. त्यातल्या कित्येकांत राखणदार नसतो. सभासदांकडे एकाच प्रकारची किल्ली असते, कोठीतलं धान्य वापरायचं आणि पैसे आपणहून भरायचे. इथे ती किल्ली पाचनईत राहील, पैसेही पाचनईलाच मिळतील. पण संकटात सापडलेल्यासाठी एक खोली कायम उघडी हवी, त्यावर मी ठाम आहे.

रानभूल: गावाला पैसे मिळावेत, त्याला माझी ना नाही. मग खाली बांधा. वर एक वीटही नको.

पाचनईची लेक: खाली आमची घरं आहेतच, दादा. मुक्काम गावात करा, पहाटे गड चढा. आणि वर बांधायचंच असेल तर आधी ग्रामसभेत या, तिथे बोलू.