मदत हवी आहे: वडिलांचं जुनं वेब्ली अँड स्कॉट .३२ पिस्तूल ठेवावं की विकावं?

नमस्कार मंडळी,

इथे परवानाधारक बरेच आहेत, म्हणून विचारतो. वडिलांकडे वेब्ली अँड स्कॉटचं .३२ पिस्तूल आहे, १९०८ मॉडेल, बर्मिंगहॅमचं. आंब्याच्या धंद्यात रोकड घेऊन फिरावं लागायचं म्हणून त्यांनी परवाना काढला होता. आता ते सत्तरी ओलांडून गेलेत, नूतनीकरणाचे हेलपाटे नको म्हणतात. आर्म्स रूल्स २०१६ मधल्या नियम २५ प्रमाणे धारकाला सत्तर पूर्ण झाली, किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, की वारस परवान्यासाठी अर्ज करू शकतो. माझ्या नावावर दुसरं शस्त्र नाही, त्यामुळे २०१९ पासूनची दोन शस्त्रांची मर्यादा आड येत नाही. कागदाचं बघून घेईन. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

वस्तू मनात भरलीय, हे आधीच सांगतो. सुबक वगैरे अजिबात नाही. मूठ नळीला जवळजवळ काटकोनात, सुताराचा गुण्याच जणू. पण सगळं स्टील, नखशिखांत. स्लाईड (वरचा सरकता भाग) मागे ओढली की कुठे खडखड नाही, लडबड नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास हे मॉडेल बनायचं थांबलं, म्हणजे कितीही नवं म्हटलं तरी ऐंशीच्या पुढचं. लंडनच्या पोलिसांनी १९११ मध्ये हेच घेतलं होतं. नेमबाजीच्या रेंजवर झटका जेमतेम जाणवतो, अर्धा किलोच्या वर वजन आणि .३२ची गोळी, मग काय होणार?

आता रडगाणं. मॅगझीन (गोळ्या भरायची पेटी) एकच, तेही ओठापाशी, म्हणजे वरच्या कडांना, किंचित फाकलेलं, त्यामुळे मधूनच गोळी तिरकी अडकते. स्लाईड पुढे येताना पहिल्यासारखी चपळ येत नाही. गावातला लेथवाला म्हणतो, नमुना द्या, स्प्रिंग करून देतो. दुसरीकडे एक डीलर लाखांत भाव सांगतोय आणि वर म्हणतो, त्या पैशात नवं देशी घ्या, पार्टची कटकट नको.

तर ठेवू की विकू? आणि ठेवलं तर स्प्रिंग-मॅगझीनचं काय करता तुम्ही लोक?

खारेवारे:
लेथवाल्याकडे पाऊल टाकू नकोस. शस्त्रांची दुरुस्तीसुद्धा परवान्याचं काम आहे, आर्म्स ॲक्टचं कलम ५ वाच. तो बिचारा चांगल्या मनाने करेल आणि दोघंही लटकाल.

शिवाय लेथवर होणारी ही स्प्रिंगच नव्हे. आपल्या डोळ्यांसमोर गुंडाळीची स्प्रिंग येते, यात इंग्रजी व्हीच्या आकाराची पट्टी असते, उजव्या ग्रिपच्या, म्हणजे मुठीवरच्या पट्टीच्या, आत. तिला पाणी देणं (तापवून कडक करणं) जमलं नाही तर एक तर मऊ राहते नाहीतर कडकन तुटते. आधी ती ग्रिप उघडून बघ. कोकणात असशील तर आत तांबूस थर बसलेला असणार, वरून ब्लूइंग (स्टीलवरचा निळसर-काळा थर) कितीही चकचकीत असो. कदाचित स्प्रिंग थकलेली नसेलच, फक्त गंज आणि जुनं घट्ट झालेलं तेल असेल. ग्रिप काढताना मात्र जपून. त्या कडक रबराच्या आहेत, इतक्या वर्षांनी काचेसारख्या तडकतात. स्क्रू पूर्ण काढ, मग खालून हलकेच सोडव. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायची नाही.

आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवत असाल तर आजच बाहेर काढा. चामडं ओल धरतं.

कागदोपत्री:
विकायचं ठरलं तर एक लक्षात ठेवा. स्वतःचं शस्त्र विकताना जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. घेणाऱ्याचा परवाना हवाच. डीलर 'आज द्या, उद्या पैसे' म्हणत असेल तर त्याला नमस्कार करा.

भाव एवढा का, तर ऐंशीच्या दशकात सामान्य परवानाधारकांसाठी आयात बंद झाली. जे देशात आहे तेच फिरतंय. म्हणजे तुम्हाला मिळणारा आकडा पिस्तुलाच्या गुणाचा नाही, टंचाईचा आहे.

दोननळी:
मी थोडं कटू बोलतो. शौक म्हणून ठेवायचं तर खुशाल ठेव. संरक्षणासाठी असेल तर वीक. ज्याचं एकुलतं मॅगझीन अडकतं त्याच्या भरवशावर रात्री कोण झोपणार? शिवाय आजच्या बऱ्याच पिस्तुलांत फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) अडवणारा खटका असतो, तो यात नाही. नळीत गोळी ठेवून कमरेला लावायचं हत्यार नाही हे. घोडा (पिनवर आपटणारा हातोडा) बाहेर असतो एवढीच सोय, मागे ताणलेला आहे की सोडलेला ते दिसतं तरी. माझ्या काकांच्या कोल्ट १९०३ मध्ये घोडाच लपलेला, काही कळत नाही.

नवीन घेताना 'दोन्ही .३२च' असं समजून घरातली काडतुसं सांभाळून ठेवू नकोस. रिव्हॉल्व्हरचं .३२ वेगळं, लांब आणि बुडाला रुंद कड असलेलं. पिस्तुलाचं ७.६५ मिमी, आखूड. प्रबलसारखा रिव्हॉल्व्हर घेतलास तर वडिलांच्या गोळ्या निरुपयोगी. त्या किती जुन्या आहेत तेही बघ. रेंजवर नुसता 'टक' आवाज आला तर तीस सेकंद नळी समोरच धरून थांबायचं, लगेच आत डोकवायचं नाही.

खारेवारे:
दोननळीशी सहमत, पण अर्धाच. अडकणं मॅगझीनमुळे आहे, पिस्तुलामुळे नाही. हे दोन वेगळे रोग आहेत, आधी निदान कर. आणि निवडणूक आली की शस्त्र जमा करायची नोटीस येऊ शकते. जमा करण्याआधी तेलाचा हात फिरव, फोटो काढ, मॅगझीन वेगळं नोंदवून पावती घे. पोलिसांच्या मालखान्यातल्या दमट कपाटात दोन महिने पडलेलं स्टील काय होऊन परत येतं ते मी पाहिलंय.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. ग्रिप शाबूत निघाली. आत खरंच तांबूस थर आणि काळा, मेणासारखा घट्ट झालेला ग्रीस होता. रॉकेलने पुसून हलकं तेल लावलं, स्लाईड आता बरीच सुटी झालीय. स्प्रिंगला चीर दिसत नाही. म्हणजे उरलं फक्त मॅगझीन.

विकायचा विचार तूर्त बाजूला. संरक्षणासाठी म्हणून मी याच्यावर विसंबणार नाही, दोननळी म्हणतात ते पटलं. नावावर करून घेतो, रेंजपुरतं वापरतो.

मॅगझीनचे ओठ सरळ करून देणारा परवानाधारक गनस्मिथ पुणे, मुंबई किंवा कोल्हापूर पट्ट्यात कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नाव-नंबर धाग्यावर नको.