म्हाताऱ्याची युक्ती करूनही मिसिंगनो (गेममधल्या चुकीमुळे समोर येणारा बिघडलेला पोकेमॉन) येत नाही, फक्त किंगलर आणि मॅरोवॅक. नावाचा दोष आहे का?

निळी_कार्ट्रिज

पोकेमॉन ब्लू, थ्रीडीएसवरची व्हर्च्युअल कन्सोल आवृत्ती. खेळाडूचं नाव ओ-एम-के-ए-आर, सगळी मोठी अक्षरं.

पॅलेटहून रूट १ ने चालत व्हिरिडियनला गेलो. उत्तरेच्या टोकाला उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने घाई आहे का विचारल्यावर ‘नो’ म्हटलं, त्याचं वीडल पकडून दाखवणं पूर्ण पाहिलं. तिथूनच फ्लाय करून (पोकेमॉनवरून उडत) सिनाबार आणि पूर्व किनाऱ्याला चिकटून सर्फवर (पोकेमॉनवर बसून पाण्यातून) वरखाली. सहा लढाया झाल्या: तीनदा किंगलर, लेव्हल १४०; दोनदा मॅरोवॅक, लेव्हल १२८; एकदा साधा रॅटाटा. मिसिंगनो एकदाही नाही.

मिसिंगनो भेटला की सहाव्या वस्तूची संख्या वाढते, म्हणून बॅगेत सहाव्या जागी रेअर कँडी (लेव्हल वाढवणारी वस्तू) ठेवली आहे. नावामुळे अडतंय का? नाव तर आता बदलता येत नाही, मग दुसरा रस्ता कोणता? आणि हॉल ऑफ फेमची (गेम जिंकलेल्या संघांची) नोंद बिघडू द्यायची नाही.

किनाऱ्याची_चौकट

हो, नावामुळेच. तुमच्या पायऱ्या बरोबर आहेत आणि गेमही अगदी बरोबर उत्तर देतोय.

म्हातारा पोकेमॉन पकडून दाखवतो तेव्हा लढाईत खेळाडूच्या जागी त्याचं नाव दिसायला हवं. त्यासाठी गेम तुमचं खरं नाव तात्पुरतं दुसरीकडे ठेवतो, आणि ती जागा म्हणजे गवतातल्या जंगली पोकेमॉनची यादी. नंतर नाव परत जागेवर येतं, पण यादीतली प्रत कोणी पुसत नाही. गवत असलेल्या पुढच्या भागात गेलात की नवी यादी त्यावर लिहिली जाते. म्हणूनच फ्लाय थेट करायचं. पॅलेटहून सर्फ करत गेलात तर वाटेत रूट २१ लागतो, तिथे गवत आहे, आणि सगळं पुसलं जातं.

सिनाबारचा पूर्व किनारा वेगळा का, तर तिथे तुम्ही उभे असता त्या चौकटीचा खालचा उजवा भाग पाणी आहे आणि खालचा डावा भाग किनारा. लढाई होणार की नाही हे गेम उजव्या भागावरून ठरवतो, म्हणजे पाण्याच्या हिशोबाने. कोणता पोकेमॉन हे मात्र डाव्या भागावरून ठरतं, आणि पाणी नसलेलं सगळं तो गवत धरतो. त्या पट्ट्याला स्वतःची गवताची यादी नाही, त्यामुळे आधीची शिल्लक यादी वापरली जाते. तुमच्या बाबतीत ती यादी म्हणजे तुमचं नाव.

आता अक्षरं बघा. दुसरं, चौथं, सहावं अक्षर म्हणजे लेव्हल. तिसरं, पाचवं, सातवं म्हणजे पोकेमॉनचा आतला क्रमांक. पहिल्याचा इथे उपयोग नाही. मोठा ए म्हणजे १२८, बी १२९, असं करत झेड १५३. तुमचं दुसरं अक्षर एम (१४०) आणि तिसरं के (१३८). १३८ म्हणजे किंगलर, म्हणून लेव्हल १४० चा किंगलर. चौथं ए (१२८), पाचवं आर (१४५), म्हणजे लेव्हल १२८ चा मॅरोवॅक. पाच अक्षरांनंतर सहाव्या जागी नाव संपल्याची खूण येते, सातव्या जागी काय उरलंय ते भरवशाचं नाही. यादीत एकूण दहा जागा असतात. नाव पहिल्या पाचांवरच पसरतं, शेवटच्या पाच जागा आधीच्या गवताच्या राहतात. तो रॅटाटा रूट १ चा.

मोठ्या अक्षरांत मिसिंगनो देणारी पाचच: जी, एच, जे, एम आणि एस. तुमच्या नावात एम आहे, पण दुसऱ्या जागी, तिथे तो फक्त लेव्हल ठरवतो. लहान अक्षरांत ए, बी, सी, एम, ओ, पी, व्ही, आणि डब्ल्यू, एक्स, वाय. शेवटची तीन वेगळी आहेत, त्यांच्यावर पुढे कोणीतरी लिहीलच.

नव्याने गेम सुरू करणाऱ्यांसाठी: नाव संपल्याच्या खुणेची किंमत ८० आहे, आणि ८० हा क्रमांकही मिसिंगनोचाच. म्हणजे स्वतः टाइप केलेलं दोन, चार किंवा सहा अक्षरी नाव असेल तर ती खूण पोकेमॉनच्या जागी पडते आणि अक्षरं कोणतीही असोत, मिसिंगनो यादीत येतोच. ए-एम-ओ-एल चालेल, लेव्हल १३९ चा मिसिंगनो मिळेल. नावात चिन्हं घालू नका. त्यातल्या बऱ्याचशांचे क्रमांक २०० च्या पुढे जातात, तो भाग ट्रेनरांचा आहे, लढाई बिघडून गेम गोठू शकतो.

डिट्टोचा_आरसा

वरचं सगळं बरोबर. नाव बदलता येत नसेल तर नावावर अवलंबून नसलेला रस्ता घ्या: म्यू मिळवायची ट्रेनर-फ्लायची युक्ती, फक्त आकडा वेगळा.

तत्त्व असं. लांबून पाहणाऱ्या ट्रेनरच्या नजरेत यायच्या त्याच पावलावर स्टार्ट दाबला तर मेनू आधी उघडतो. तिथून फ्लाय किंवा टेलिपोर्ट केलं की तुम्ही निसटता, पण गेमच्या लेखी लढाई ठरलेली असते. त्या भागात परत आलात की मेनू आपोआप उघडतो, बी दाबून बंद केला की लढाई सुरू. कोणाशी? मधल्या काळात शेवटी ज्याच्याशी लढलात त्याच्या स्पेशलच्या (अटॅकसारखाच ताकदीचा एक आकडा) किमतीइतका आतला क्रमांक असलेला पोकेमॉन समोर येतो. २१ म्हणजे म्यू, म्हणून रूट २५ वरच्या स्लोपोकवाल्या पोराची एवढी ख्याती, त्याच्या स्लोपोकचा स्पेशल २१ असतो. ३१ किंवा ३२ म्हणजे मिसिंगनो.

हवा तो आकडा आणायला डिट्टो वापरायचा. त्याला ट्रान्सफॉर्मशिवाय काही येत नाही, आणि रूप घेताना तो तुमच्या पोकेमॉनचा स्पेशलही घेतो. स्टॅट्सच्या पानावर स्पेशल बरोबर ३१ दिसेल असा एखादा कच्चा पोकेमॉन आधी तयार ठेवा आणि संघात पहिला लावा.

रूट ८ वर भुयारी मार्गाच्या घराजवळ एक गॅम्बलर आहे. तो हरवलेला नसेल तरच हे जमेल. आता सांगा, तो शिल्लक आहे का, आणि आणखी कुठे न हरवलेले ट्रेनर उरलेत?

निळी_कार्ट्रिज

गॅम्बलर शिल्लक आहे. रूट २४, २५ साफ केलेत. रूट १५ वर तीन-चार ट्रेनर उरलेत. दुसरा ट्रेनर कोणताही चालतो का?

डिट्टोचा_आरसा

रूट १५ वर उरलेत तर काम फारच सोपं झालं, कारण डिट्टोही तिथल्याच गवतात मिळतो (१३ आणि १४ वरही).

गॅम्बलरच्या नजरेत यायला एक पाऊल उरेल तिथे सेव्ह करा. पुढचं पाऊल टाकतानाच स्टार्ट दाबून धरा. मेनू न उघडता तो दिसून थेट लढाईला आला तर उशीर झाला, रीसेट करून पुन्हा. या आवृत्तीत थ्रीडीएसची रिस्टोअर पॉइंटची सोय बंद ठेवलेली आहे, त्यामुळे गेममधलाच सेव्ह एवढाच आधार. मेनू उघडला की फ्लाय करून फ्यूशिया.

इथून स्टार्ट चालणार नाही, घाबरू नका. पूर्वेला रूट १५ वर पायी जा आणि उरलेल्यांपैकी एका ट्रेनरच्या नजरेत लांबून या. तो तुमच्याकडे निदान एक पाऊल चालत आला पाहिजे. अगदी शेजारी जाऊन लढाई सुरू केली तर गेम गोठतो. बहुतेकांचं इथेच चुकतं. त्याला हरवलं की स्टार्ट परत चालू होतो.

मग गवतात डिट्टो शोधा. ३१ वाला पोकेमॉन समोर असतानाच त्याला ट्रान्सफॉर्म करू द्या, आणि पळ काढा. यानंतर एकही लढाई नको, मध्ये एखादी झाली तर आकडा बदलतो आणि डिट्टो पुन्हा शोधावा लागतो. तिथूनच फ्लाय करून लॅव्हेंडर, पश्चिमेला रूट ८ मध्ये शिरताच मेनू उघडेल. बी दाबा.

लेव्हल ७ येईल. ती शेवटच्या शत्रूच्या अटॅकच्या पायरीवरून ठरते, आणि न बदललेली पायरी ७ असते. म्यूसाठी लोक सहा वेळा ग्राउल (शत्रूचा अटॅक कमी करणारी चाल) वापरून लेव्हल १ वर आणतात ते यामुळेच. इथे त्याची गरज नाही.

हॉल_ऑफ_फेमचा_राखणदार

रेअर कँडीपुरतंच काम असेल तर ३१ ऐवजी १८२, १८३ किंवा १८४ स्पेशलचा पोकेमॉन वापरा. नावात लहान डब्ल्यू, एक्स, वाय म्हणजे हेच आकडे. आतल्या १९० क्रमांकांपैकी ३९ मिसिंगनोचे आहेत. त्यातल्या बहुतेकांना चित्र नाही, पण या तिघांना खरं चित्र आहे: काबुटॉप्सचा सांगाडा, एरोडॅक्टिलचा सांगाडा आणि लॅव्हेंडर टॉवरमधलं भूत.

हॉल ऑफ फेमचा संबंध इथेच येतो. चित्र उलगडायला सेव्हच्या मेमरीत तीन जागा राखलेल्या आहेत, प्रत्येकी ३९२ बाइट, म्हणजे ७ गुणिले ७ चौकटींचं चित्र. नेहमीच्या मिसिंगनोच्या नावाने गेम भलताच डेटा चित्र समजून उलगडतो, तो या जागेत मावत नाही, आणि त्याच्या पुढे हॉल ऑफ फेमच्या नोंदी आहेत. मिसिंगनो नुसता दिसला तरी त्या बिघडतात, पकडायचीही गरज नाही. सांगाडे आणि भूत ६ गुणिले ६ किंवा ७ गुणिले ७ मध्ये बसतात, म्हणून नोंदी शाबूत राहतात. रेड-ब्लूमध्ये मिसिंगनो पूर्ण सेव्ह उडवतो ही मात्र अफवा आहे.

वस्तू वाढतात त्यामागचं गणित तिघांनाही लागू. मिसिंगनोचा पोकेडेक्स (पाहिलेल्या-पकडलेल्या पोकेमॉनची यादी) क्रमांक शून्य. ‘पाहिला’ अशी खूण करताना गेम त्यातून एक वजा करतो, शून्यातून एक गेला की २५५ होतात, आणि ती खूण पोकेडेक्सच्या बाहेर जाऊन सहाव्या वस्तूच्या संख्येवर पडते. त्या बाइटचा सर्वात मोठा बिट लागतो, म्हणजे १२८ ची भर. आधीच १२८ किंवा जास्त असतील तर बिट लागलेलाच असतो, काही बदलत नाही. १२७ पर्यंत खाली आणा आणि पुन्हा भेटा. ९९ च्या वर पहिल्या अंकाच्या जागी विचित्र खूण दिसते. ती चूक नाही, आकडा लिहायला गेमकडे चित्रच नाही.

पळून आलात तरी वस्तू वाढलेल्या असतात, त्यामुळे पकडू नका. लढाईनंतर बाकी पोकेमॉनची चित्रं उलटी दिसली तर मेनूतून कोणत्याही साध्या पोकेमॉनचं स्टॅट्सचं पान उघडा, सरळ होतात.

आणि तो लेव्हल १४० चा किंगलर पकडला असेल तर त्याला लढाईत अनुभव मिळू देऊ नका. पहिल्याच अनुभवाला तो १०० वर उतरतो.