मदत हवी आहे: जळणाच्या खोपीचे खांब पुरायचे की चिऱ्यावर उभे करायचे?

गुहागरला घरामागे जळणासाठी दहा बाय सहा फुटांची खोप घालतोय. मोडलेल्या गोठ्याचं सामान आहे: मंगलोरी कौलं दोनशेच्या आसपास, ऐनाचे पाच खांब, थोडे जुने चिरे. वासे मेसकाठीचे (बांबूचे), रिपा पोफळीच्या. विकत फक्त खिळे नि सुंभ, फार तर हजार-दीड हजार रुपये.

पत्रा सुचवू नका, समुद्र जवळ आहे, खाऱ्या वाऱ्यात तो लवकर गंजतो. ताडपत्री वापरून झाली. वरून पाणी अडलं, पण आत वारा नाही, म्हणून आंब्याच्या ढलप्यांवर पांढरी बुरशी धरली. झापांची ताटी आता फक्त नैऋत्येला, झड अडवायला लावणार. बाकी तिन्ही बाजू उघड्या. लाकडं जमिनीपासून वीतभर वर, चिऱ्यांवर.

अडलंय ते खांबांपाशी. दोन फूट पुरले तर वाळवीची धास्ती. गोठ्याचे हेच खांब वरून टणक, पण जमिनीलगत बोटाने भुगा निघतो (तो भाग कापून साडेसात फूट उरतात). चिऱ्यावर नुसते उभे केले तर जूनच्या वाऱ्यात सांगाडा हलेल. वाळवी लागू नये म्हणून खांबांच्या बुडाला डांबर फासायचं की काजूच्या टरफलाचं तेल, यावर घरात दोन तट आहेत.

चिऱ्यात खाच पाडून खांब बसवलेला कुणाचा टिकलाय का? खाच किती खोल, आणि तिच्यात पाणी साचू नये म्हणून काय केलंत?