क्लब बदलला म्हणजे निष्ठा नाही असं कसं?

एकाने लिहिलंय की दर वर्षी क्लब बदलणाऱ्या फुटबॉलपटूला निष्ठा नसते. अजिबात पटलं नाही. इंग्लंडमधला जेफरसन लुईस बघा, स्ट्रायकर, 40 च्या वर क्लब झालेत त्याचे. पण हा माणूस हौसेने फिरत नव्हता हो, खालच्या लीगमध्ये काँट्रॅक्टच बहुतेक एका सीझनचं असतं, आणि नॉन-लीगमध्ये (म्हणजे वरच्या चार डिव्हिजनच्याही खाली) तर बऱ्याच जणांना तेही नसतं, सात दिवसांच्या नोटिशीवर क्लब सुटतो. मॅनेजर बदलला की नवा आपली माणसं आणतो, जुन्यांनी किट बॅग उचलायची. दिवसा नोकरी, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी फ्लडलाइटखाली प्रॅक्टिस, शनिवारी मॅच, वर बसने लांबलांबचे प्रवास, आणि हे सगळं पस्तिशीनंतरही करायचं म्हणजे खेळावर किती जीव असेल!

आणि नुसते धक्केच खाल्ले असंही नाही. 2002 च्या डिसेंबरात एफए कपमध्ये (इंग्लंडमधली लहान-मोठ्या सगळ्या क्लबांची नॉकआउट स्पर्धा) ऑक्सफर्ड युनायटेडकडून स्विंडनविरुद्ध याचाच गोल, 1-0, स्विंडन वरच्या डिव्हिजनमधला आणि वर कट्टर शेजारी, त्यामुळे ऑक्सफर्डवाल्यांना तो गोल आजही आठवतो. त्या जिंकण्यामुळे पुढची मॅच थेट बलाढ्य आर्सेनलशी, त्यांच्या तेव्हाच्या हायबरी मैदानावर. 0-2 हरले, पण चौथ्या पायरीवरच्या टीमसाठी ते केवढं मोठं! पुढे 2008 मध्ये वर्ल्ड कप क्वालिफायरमध्ये डॉमिनिकाकडूनही खेळला (डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे, ते छोटं कॅरिबियन बेट).

निष्ठेचं विचाराल तर आधी क्लबांना विचारा, दोन वर्षांचं काँट्रॅक्ट किती जणांनी पुढे केलं ते.