गुडघा बदलल्यानंतर सॅक घेऊन डोंगरात मुक्काम: उताराची तयारी कशी करावी?

नमस्कार. मी जालन्याची, वय ६१. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३० वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झाले. गेल्या फेब्रुवारीत माझा उजवा गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली, त्याला आता नऊ महिने होत आले आहेत. गुडघा पूर्ण सरळ होतो आणि फिजिओथेरपिस्टच्या मोजणीप्रमाणे ११५ अंशांपर्यंत वाकतो. सपाटीवर रोज पाच किलोमीटर चालते, त्यात दुखत नाही. डावा गुडघाही थोडा झिजलेला आहे, परंतु तो अजून साथ देतो.

शस्त्रक्रियेपूर्वी वीस-बावीस वर्षे मी दर हिवाळ्यात पाठीवर सॅक घेऊन दोन-तीन मुक्कामांच्या डोंगरवाटा करीत असे. आता पुन्हा जायचे आहे ते सोयगाव-सिल्लोडच्या डोंगरात: वेताळवाडीचा किल्ला, रुद्रेश्वर लेणी, जंजाळा आणि घटोत्कच लेणे. घटोत्कच लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरविणारा तोच वराहदेव, हे मी मुलांना दरवर्षी शिकविले. पण तो लेख स्वतः पाहायचा राहून गेला. दोन रात्री, शिधा आणि अंथरूण-पांघरूण आपल्याच पाठीवर, अशा रीतीने मला तिथे जायचे आहे.

माझी अडचण चढाची नाही, उताराची आहे. मागच्या महिन्यात सॅक न घेता देवगिरीवर गेले होते. चढताना बारादरीपर्यंत दोनदाच बसले. उतरताना मात्र, जिथे पायऱ्यांची उंची सारखी नाही तिथे, उजवा पाय खाली टेकण्याआधी क्षणभर हवेतच थांबू लागला. दुखत काहीच नव्हते. मांडी थरथरत होती आणि पाय नेमका कुठे टेकेल याचा भरवसा वाटत नव्हता. शेवटी भिंतीला हात लावून एकेक पायरी आडवी उतरले. दुसऱ्या दिवशी गुडघा गरम लागत होता आणि सूजही होती. ती दीड दिवसाने उतरली.

दुसरी अडचण जमिनीची आहे, आणि ती मला उताराइतकीच मोठी वाटते. मुक्कामी जायचे म्हणजे खाली झोपणे आले, खालून उठणे आले आणि सकाळी शेतात बसणेही आले. म्हणून मी दिवाळीनंतर एक रात्र गच्चीवर चटई टाकून झोपून पाहिले. पहाटे उठताना आधी डाव्या कुशीवर वळले, डावा गुडघा टेकला, उजवे पाऊल पुढे रोवले आणि कठड्याला धरून उभी राहिले. डोंगरात कठडा नसतो. उजवा गुडघा टेकून पाहिला, तर व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा असल्यामुळे खाली गोधडी आहे की खडी, हेच नीट कळेना. उकिडवे बसणे तर जमतच नाही.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी चालण्याला आणि डोंगर चढण्याला परवानगी दिली आहे. धावणे आणि उड्या मारणे कायमचे टाळायला सांगितले आहे. पाठीवरच्या ओझ्याबद्दल विचारले तेव्हा "सावकाश वाढवा" एवढेच उत्तर मिळाले. किती सावकाश, हे कोणीच सांगत नाही, आणि घरची माणसे तर हा विषय काढला की गप्प होतात. म्हणून ज्यांनी गुडघा बदलल्यानंतर खरोखर सॅक उचलली आहे, त्यांना विचारते: ओझे कसे वाढविले? उतारासाठी कोणता सराव केला? आणि जमिनीवरून उठण्याचे, शेतात बसण्याचे काय केले? "या वयात कशाला" हा सल्ला मला पुष्कळ मिळाला आहे. कृपया तो देऊ नये.

उत्तर

ताई, नमस्कार. मी लातूरचा, वय ६६. माझा डावा गुडघा बदलून चार वर्षे झाली. दुसऱ्या वर्षी पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर मुक्कामी जाऊन आलो, तेव्हा पाठीवर सात किलो होते. त्याहून अधिक ओझे मी अजूनही घेत नाही.

पायऱ्या उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. त्यामुळे सॅकमधला एक किलो हा गुडघ्यासाठी एक किलो राहत नाही. नव्या सांध्यात धातूच्या दोन भागांमध्ये प्लास्टिकची चकती असते, आणि झीज होते ती मुख्यतः तिची. म्हणून मी आधी सामान कमी केले, मग सराव वाढविला. सरावासाठी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून टेकडी चढायचो आणि माथ्यावर पाणी झाडांना घालून रिकाम्या पाठीने उतरायचो. असे दीड महिना केल्यावर एक लिटर पाणी शिल्लक ठेवून उतरू लागलो, पुढे दोन लिटर. कसोटी एकच ठेवली: दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली, तर पुढचा आठवडा वजन वाढवायचे नाही. तुमची सूज दीड दिवस राहिली, याचा अर्थ देवगिरी तुम्हाला अजून थोडा जास्त होता.

मांडी थरथरते ती उतरताना शरीर तोलून धरण्याची ताकद कमी पडते म्हणून. चढण्याने ती ताकद तितकी वाढत नाही. घरातल्या चार-पाच इंच उंचीच्या पायरीवर बदललेल्या पायावर उभे राहून दुसरे पाऊल अगदी हळू, पाच आकडे मोजत, खाली टेकवायचे आणि पुन्हा वर घ्यायचे. हात भिंतीजवळ ठेवा आणि हा व्यायाम पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोरच करा. डोंगरात दोन काठ्या हव्यातच. उतरताना त्या थोड्या लांब करायच्या, आधी काठ्या रोवायच्या, मग बदललेला पाय, मग चांगला पाय. चढताना चांगला पाय आधी. तुमच्या डोंगरात हिवाळ्यात वाळलेले गवत आणि खाली सुटा मुरूम असतो, तिथे सरळ न उतरता नागमोडी उतरावे.

खालून उठताना तुम्ही जे केले तेच बरोबर आहे; कठड्याऐवजी जमिनीवर उभी ठेवलेली सॅक किंवा आखूड केलेल्या दोन्ही काठ्या एकत्र धरायच्या. गुडघ्याखाली ठेवायला फोमचा जाड तुकडा सॅकमध्ये नेहमी सर्वांत वर ठेवा. शेतात बसण्यासाठी मी घडीच्या स्टुलाची कापडी बैठक मधोमध कापून शिवून घेतली. त्याचे वजन किलोभर होते, पण त्याच्यासाठी मी दुसरे काहीही घरी ठेवीन.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. बाभळीचा काटा रुतला, खरचटले, तर जखम त्याच क्षणी धुऊन औषध लावा, कारण जखमेतला जंतुसंसर्ग रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो. गुडघा लाल झाला, ताप आला, व्रणातून पाणी आले किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर घरगुती उपाय न करता थेट डॉक्टरांकडे जावे.

आणि क्रमाचाही विचार करा. वेताळवाडी शेवटी ठेवू नका, कारण तिथला उतार थकलेल्या पायांवर येईल. घटोत्कच लेण्याला जंजाळ्याच्या पठारावरून आधी उतरायचे असते आणि परतताना चढायचे; तुमच्या गुडघ्याला तेच सोयीचे आहे. वेताळवाडीला गावातून चढण्याऐवजी हळदा घाटाच्या बाजूने गेलात तर चढउतार बराच वाचेल.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, मनापासून आभार. पाणी वर नेऊन झाडांना घालण्याची गोष्ट वाचली आणि लगेच चार बाटल्या भरून ठेवल्या. मुक्काम या हिवाळ्यात नको, पुढच्या मार्गशीर्षात करावा असे ठरविले आहे. तोपर्यंत एकदा सॅकशिवाय, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, अशी फक्त घटोत्कच लेण्याची वाट करून पाहीन. आणखी एक विचारायचे आहे: रात्री झोपताना गुडघा आखडू नये म्हणून पायाखाली काही घेता का, की पाय सरळच ठेवता? गच्चीवरच्या त्या पहाटे पहिली दहा पावले मला फार जड गेली.