हॅमॉकमध्ये पहाटे पाठ गारठते, काय करावं?

रानवाटा: डिसेंबरात वेल्ह्याजवळ मित्राच्या शेतात दोन आंब्यांमध्ये हॅमॉक बांधतो. स्लीपिंग बॅग चांगली जाड आहे, तरी पहाटे पाठ गारठते. वर केळ्यासारखं वाकून कंबर धरते ती वेगळीच. गपगुमान तंबू घेऊ का?

घाटवेडा: तंबू नको हो! बॅगेतलं भरण अंगाखाली दबलं की त्यातली हवा जाते, मग ऊब कसली? खालून वारा मोकळाच. पाठीखाली फोमची मॅट घाला. पैसे असतील तर अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकखाली लावायची रजई, घ्या. ती बाहेरून लटकते, त्यामुळे दबत नाही.

सह्यकन्या: कंबरेचं दुखणं ताणून बांधल्यामुळे. पट्टे जमिनीशी साधारण ३० अंशांत उतरू द्या, झोळ पडू दे. मग तिरके झोपा, डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या. पाठ जवळजवळ सपाट होते. मी तर कुशीवरही झोपते.

रानवाटा: तिरकं करून बघतो. पण मॅट रात्रभर घसरते त्याचं काय?

घाटवेडा: बॅगेच्या आत सरकवा की. आणि झाडाला बारीक दोरी नको, रुंद पट्टेच वापरा. साल कापली गेली तर मित्र मे महिन्यात पेटी पाठवायचा नाही.